बोल्टांची दुसरी ओळ

पुण्यात बसून मी अमेरिका आणि कॅनडातल्या इमारतींचे जोड डिझाइन करते. असंही काम असतं हे नात्यागोत्यात कुणाला पटकन समजत नाही. तिकडचा इंजिनिअर बीम आणि कॉलमची मापं ठरवतो. पण बीमचं टोक कॉलमला नेमकं कसं धरायचं, किती बोल्ट, केवढी प्लेट, वेल्ड किती मिलिमीटरचा, हे बऱ्याचदा फॅब्रिकेटरवर सोडलेलं असतं आणि फॅब्रिकेटर ते आमच्यासारख्या ऑफिसकडे पाठवतो. ड्रॉइंगमध्ये बीमच्या टोकाशी एक आकडा लिहिलेला असतो: एवढा भार इथून खाली उतरणार. त्या भाराला पुरेल असा जोड आम्ही द्यायचा. मध्यम इमारतीतसुद्धा हे जोड शेकड्यांनी असतात, म्हणून प्रत्येक जोड पहिल्यापासून कुणी सोडवत बसत नाही. तक्ते केलेले असतात. बीमची खोली बघायची, भार बघायचा, तक्त्यातून बोल्टांची संख्या उचलायची, पुढचं ड्रॉइंग घ्यायचं.

त्याच ऑफिसात चाकण-तळेगावकडच्या कारखान्यांची कामंही येतात. त्यांना आपला आयएस ८००, म्हणजे भारतीय स्टील कोड, लागतो, त्यामुळे तक्ते वेगळे. बरीच वर्षं हे दोन तक्ते दोन वेगळ्या फोल्डरमध्ये सुखाने नांदत होते. एकदा आमच्या सरांनी मला ते शेजारी ठेवायला सांगितलं. त्यांचा प्रश्न साधा होता. लोखंड सगळीकडे लोखंडासारखंच वागतं, मग एकाच जोडाला दोन देशांचे नियम जवळपास सारखं उत्तर देतात का? आणि देत नसतील तर खरं कोण सांगतंय?

पहिल्या प्रश्नाला तीन-चार दिवस लागतील असा माझा अंदाज होता. बहुतेक तपासण्यांत तसंच झालं. बोल्ट कातरला जाणं, बोल्टाच्या भोकाशी पत्रा चेपणं, वेल्डची ताकद, हे सगळं भार-गुणक आणि सुरक्षा-गुणक हिशेबात धरल्यावर त्यामानाने जवळ येत होतं. अडलं ते एका ठिकाणी. कोप मारलेल्या बीमला बोल्टांच्या दोन ओळी असल्या की आकडे फाटत होते.

कोप म्हणजे काय ते आधी सांगते. दुय्यम बीम मुख्य बीमला येऊन मिळतो तेव्हा दोघांच्या वरच्या फ्लँज एका पातळीत हव्या असतात, कारण वर स्लॅब बसणार. मग दुय्यम बीमच्या टोकाची वरची फ्लँज आणि थोडा वेब कापून काढावा लागतो. त्याला आमच्याकडे कोप मारणं म्हणतात. कापल्यानंतर टोकाशी उरतो तो नुसता उभा पत्रा. त्यात भोकं पाडायची, दोन बाजूंनी क्लिट अँगल लावायचे, बोल्ट आवळायचे. भार आला की बीम खाली जाऊ बघतो, बोल्ट त्याला जागच्या जागी धरतात, आणि बोल्टांच्या वरचा पत्र्याचा तुकडा बाकीच्या वेबपासून सुटून निघायला बघतो. बोल्टांच्या उभ्या रेषेत तो कातरला जातो आणि सर्वांत खालच्या बोल्टापासून बीमच्या टोकापर्यंतच्या आडव्या रेषेत ताणून फाटतो. स्पायरल वहीचं पान ओढलं की भोकांच्या रेषेत फाटून येतं, तसाच हा प्रकार. याला ब्लॉक शिअर म्हणतात.

आता आकडे. आयएसएमबी ४५०, म्हणजे शॉपवर ज्याला साडेचारशेचा बीम म्हणतात तो. वेब ९.४ मिमी. स्टील ई २५०, म्हणजे यील्ड २५० आणि तुटण्याची ताकद ४१० एमपीए. एम २० बोल्ट, २२ मिमीची भोकं, उभ्या ओळीत ३ बोल्ट ७० मिमीच्या अंतराने, कडेपासून ४० मिमी. एकच ओळ असेल तर आयएस ८०० ब्लॉक शिअरला सुमारे २८६ किलोन्यूटन देतो, अमेरिकी नियम २७४. दोन्हीकडचे भार-गुणक वेगळे आहेत. आपण स्थिर आणि चल दोन्ही भारांना दीडने गुणतो, तिकडे १.२ आणि १.६ ने. दोन्ही भार सारखे धरून गुणक काढून टाकले, तर प्रत्यक्ष पेलायचा भार आपल्याकडे १९०, तिकडे १९६. म्हणजे एकमत.

आता तोच जोड, फक्त ७० मिमी आत बोल्टांची दुसरी ओळ. आयएस ८०० एकदम ४३५ किलोन्यूटनवर जातो. अमेरिकी नियम ३०२ वर थांबतो. गुणक काढल्यावर २९० आणि २१५. कॅनडाचा नियम लावून पाहिला तर आणखी चक्रावले. तो एका ओळीला २३८ देतो आणि दोन ओळींना २३१. दुप्पट बोल्ट घालूनही कॅनडाच्या मते हाती काहीच लागत नाही, उलट चिमूटभर कमी होतं. आपल्या नियमाप्रमाणे मात्र त्याच दुसऱ्या ओळीने १०० किलोन्यूटन, म्हणजे दहा टन, जास्त मिळतात.

एवढी तफावत दिसली की पहिल्यांदा स्प्रेडशीटवर संशय येतो. ती तपासली, हाताने हिशेब केला, आकडे तेच आले. मग नियमांच्या मागे जावं लागलं.

बीमच्या टोकाला ब्लॉक शिअर होतो हे १९७८ मध्ये टोरांटोच्या बिर्कमो आणि गिल्मर यांनी चाचणीतून दाखवलं. त्याआधी तो होत नव्हता असं नाही, पण त्याची वेळ यायची नाही. बोल्ट कमजोर होते, पत्र्यावर बोल्टाने किती दाबायचं यावरच्या मर्यादा कडक होत्या, त्यामुळे बोल्ट पुष्कळ लागत आणि जोड लांब होत. उच्च ताकदीचे बोल्ट रुळले, दाबाच्या मर्यादा सैल झाल्या, तसे बोल्ट कमी झाले आणि जोड आखूड. आखूड जोडात फाटायची रेषाही आखूड. एका बाजूने झालेल्या सुधारणेने दुसऱ्या बाजूला नवं दुखणं उघडं केलं. अमेरिकी नियमावलीने त्याच वर्षी ब्लॉक शिअरची तपासणी घेतली. हे त्यांनी झटकन केलं आणि त्याबद्दल मला आदर वाटतो.

दोन ओळींचं मात्र तसं झालं नाही. ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठात, रिकल्स आणि युरा यांनी दोन ओळींच्या जोडांच्या चाचण्या करून १९८३ मध्ये निष्कर्ष छापले. आडव्या रेषेवरचा ताण सगळीकडे सारखा नसतो, टोकाकडे तो जास्त असतो आणि आतल्या बोल्टाकडे उतरत जातो, म्हणून ताणाच्या भागाची अर्धीच ताकद धरा, असं त्यांचं म्हणणं होतं. कारणही सरळ आहे. बीमच्या टोकाजवळची ओळ भाराचा मोठा वाटा उचलते, आणि बीम वाकला की टोक किंचित फिरतं. नियमात तो ०.५ चा गुणक आला २००५ मध्ये. मधे २००१ साली एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठातले कुलाक आणि ग्राँडिन यांनी तोवरच्या सगळ्या चाचण्या गोळा करून दाखवलं, की चालू नियम गसेट प्लेटसाठी, म्हणजे सरळ ओढल्या जाणाऱ्या जोड-पत्र्यासाठी, गरजेपेक्षा जास्त सावध आहे आणि दोन ओळींच्या कोप बीमसाठी पुरेसा सावध नाही. युरोकोडनेही मध्यापासून बाजूला भार येणाऱ्या ब्लॉकसाठी ताणाच्या भागाला ०.५ लावलेला आहे. कॅनडाने पुढे जाऊन दोन ओळींसाठी ०.३ घेतला, पण कातर-रेषेची ताकद थोडी वाढवून दिली, कारण चाचण्यांत ती तशी दिसली होती.

आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीतला नियम घडणीने अमेरिकेच्या जुन्या नियमाशी मिळताजुळता आहे. एक ओळ की दोन, भार ब्लॉकच्या मध्यावर येतोय की बाजूला, यावर त्यात गुणक नाही.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नियमाची सुरक्षितता तपासायची म्हणजे काय करायचं? मला वाटायचं त्यापेक्षा ते काम फार रुक्ष आणि फार नाजूक आहे. छापलेला प्रत्येक चाचणी-अहवाल घ्यायचा. त्या नमुन्याचं मोजलेलं माप आणि मोजलेली ताकद नियमात घालायची, सुरक्षा-गुणक काढून टाकून. नियम म्हणतो इतक्याला तुटेल, प्रत्यक्षात तुटला इतक्याला. दोघांचा भागाकार. एकापेक्षा जास्त आला तर नियमाने कमी सांगितलं, ते चांगलं. कमी आला तर नियमाने फाजील विश्वास दाखवला. असे भागाकार एका रकान्यात लावत जायचे. मग त्यांची सरासरी आणि त्यांचा विखुरलेपणा. त्याच्यावर स्टीलच्या ताकदीतला चढउतार, मापांतला चढउतार, भारातला चढउतार, आणि शेवटी एक आकडा मिळतो, ज्याला बीटा म्हणतात. बीटा ३ म्हणजे कागदोपत्री हजारात एखादा धोका, ३.८ म्हणजे लाखात सात. युरोकोड नेहमीच्या इमारतींसाठी पन्नास वर्षांच्या काळाला ३.८ मागतो. अमेरिकेत नवी पद्धत बसवताना बीम-कॉलमसाठी ३ च्या आसपास आणि जोडांसाठी ४ ते ४.५ असं लक्ष्य धरलं होतं. जोडाला बीमपेक्षा जास्त मागायचं याला मोठं कारण आहे. बीम वाकतो, लोंबतो, प्लास्टरला तडे जातात, माणसांना कळतं. जोड फाटतो तेव्हा सांगून फाटत नाही.

या पद्धतीत फसगत कुठे होते तेही त्या रकान्यातच दिसतं. ब्लॉक शिअरच्या छापील चाचण्यांत गसेट प्लेटच्या भरपूर आहेत, कारण पत्रा पकडून ओढणं सोपं. कोप मारलेला खराखुरा बीम उभा करून तोडणं महाग, त्यामुळे त्या थोड्या. सगळ्यांची एकत्र सरासरी काढली की ती एकाच्या वर, ठणठणीत. गसेटचे सढळ भागाकार कोप बीमचे कमी पडलेले भागाकार झाकून टाकतात. रकाना वेगळा केला, एक ओळ आणि दोन ओळी स्वतंत्र केल्या, की मग खालचा भाग उघडा पडतो. एखाद्या नियमाबद्दल कुणी मला 'सरासरी छान येते' असं सांगितलं, की माझा पहिला प्रश्न असतो, कशाकशाची सरासरी?

ज्या जोडाचे आकडे वर दिले, त्यावरच हे लावून बघा. कॅनडाचं सूत्र चाचण्यांना सर्वांत जवळ जातं असं मानलं, आणि त्याचा सुरक्षा-गुणक काढला, तर तो जोड साधारण ४२४ किलोन्यूटनला फाटावा. आयएस ८०० त्याला ४३५ ची परवानगी देतो, आणि तीही सुरक्षा-गुणक लावून झाल्यानंतर. म्हणजे स्टीलच्या बाजूने ठेवलेलं सगळं अंतर संपलेलं. उरतो तो फक्त भाराचा दीडचा गुणक, तोही पुरता नाही. शिवाय गिरणीतून येणारं स्टील किमान मापापेक्षा बहुधा थोडं जास्त ताकदीचं येतं, त्यावर आपण अजाणता विसंबलेलो. म्हणून उद्या काही कोसळणार आहे असं मी म्हणत नाही. पूर्ण चल भार क्वचित येतो, दोन ओळींचे कोप जोडही सर्रास नसतात. पण आपण ग्राहकाला जे अंतर दिलं असं सांगतो ते या जोडात नाही, आणि हे जाणून घेतल्यावर गप्प बसणं मला जमत नाही.

कागदावरचं हे सगळं मी एकदा प्रत्यक्ष पाहिलं. ओळखीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये लोडिंग फ्रेम होती आणि तिथल्या प्राध्यापकांना हा विषय आवडला. आम्ही अडीचशेच्या बीमचे तुकडे शॉपवरून कापून नेले, दोन ओळी, प्रत्येकीत दोन बोल्ट. लॅबमधल्या मामांनी वेबला पातळ चुना फासला. ही फार जुनी युक्ती आहे आणि अजून तिच्यासारखी दुसरी नाही. स्टील यील्ड झालं की त्याच्यावरची खपली चुन्यासकट उडते, आणि ताण कुठून कुठे गेला ते डोळ्यांना दिसतं.

जॅक चढत होता तसा बराच वेळ काहीच घडलं नाही. मग बोल्ट भोकात सरकून टेकल्याचे दोन ठोके ऐकू आले. त्यानंतर आतल्या ओळीच्या कडेने चुना बारीक बारीक सुटायला लागला, उभ्या रेषेत, वरून खाली. खालच्या आडव्या भागात मात्र चुना सगळीकडे सारखा गेला नाही. टोकाकडच्या बोल्टाभोवती पत्रा उघडा पडला होता आणि आतल्या बोल्टाकडे चुना अजून तसाच पांढरा होता. रिकल्स आणि युरांचा उतरता ताण तो हाच. मी वाकून बघत होते, तर मामांनी हात आडवा धरून मागे सरकवलं. "मॅडम, आता लांबून." थोड्याच वेळात टोकाजवळच्या खालच्या भोकापासून कडेपर्यंत पत्रा फाटला. आवाज एखादा जड पेटारा जमिनीवर टाकावा तसा नव्हता, कोरडा आणि छोटा होता. भाराचा काटा घसरला. फाट हळूहळू आत सरकली. उभी रेष मात्र शेवटपर्यंत तुटली नाही. भोकं लांबट झाली, पत्रा ओघळल्यासारखा दिसत होता, पण अखंड होता.

यातून आणखी एक मुद्दा निघतो. आपला नियम दोन शक्यता तपासतो: एक, उभी रेष यील्ड आणि आडवी तुटली, दुसरी, उभी तुटली आणि आडवी नुसती यील्ड झाली. यातली दुसरी शक्यता चाचण्यांत दिसत नाही. आधी फाटतो तो ताणाचा भाग, कारण कातरणाऱ्या भागाला ओघळायला भरपूर वाव असतो. म्हणून अमेरिकनांनी ती शक्यता काढूनच टाकली. नियम जे मोजतो ते प्रत्यक्षात घडतं का, हा प्रश्न आकडे जुळतात का या प्रश्नाच्या आधीचा आहे. चुकीच्या चित्रातून बरोबर आकडा येऊ शकतो, पण माप बदललं, स्टील बदललं, की तो आकडा कुठे जाईल याची खात्री देता येत नाही.

याचं सर्वांत मोठं उदाहरण ब्लॉक शिअरचं नाही, भूकंपाचं आहे. १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसमधल्या नॉर्थरिजला ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. स्टीलच्या फ्रेमच्या इमारती उभ्या राहिल्या, लोकांना वाटलं स्टीलने लाज राखली. मग आतलं फॉल्स सीलिंग आणि अग्निरोधक लेप काढून जोड बघायला सुरुवात झाली. शंभराहून अधिक इमारतींत बीमची फ्लँज कॉलमला जिथे वेल्ड केली होती तिथे तडे सापडले, बहुतेक खालच्या फ्लँजला. काही ठिकाणी तडा वेल्डमधून कॉलमच्या अंगात गेला होता. हा जोड कुणी आडमार्गाने केलेला नव्हता. फ्लँज वेल्ड, वेब बोल्ट, ही रचना नियमातच दिलेली होती, वर्षानुवर्षं वापरलेली होती, बर्कलीच्या प्रयोगशाळेत तिच्या चाचण्याही झाल्या होत्या.

फक्त त्या चाचण्यांतले बीम लहान होते. नंतरच्या काळात फ्रेम कमी आणि बीम जाड करण्याकडे कल गेला, तीन फूट खोलीचे बीम लागू लागले. त्यांना चाचणीतल्या लहान बीमचाच नियम लावला गेला. वेल्डची तार भरभर भरणारी पण चिवटपणा कमी असलेली निघाली. वेल्डखालची पट्टी तशीच सोडली जायची, तिथे खाच तयार व्हायची. आणि स्टील किमान ताकदीपेक्षा बरंच मजबूत यायचं. साध्या भारात हे वरदान, पण भूकंपात मजबूत बीम वाकायला तयार होत नाही आणि सगळा जोर वेल्डवर टाकतो. बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला, जपानमध्ये कोबेला भूकंप झाला आणि तिथेही वेल्ड केलेले जोड तुटलेले सापडले. पुढे अमेरिकेत सॅक नावाचा मोठा संयुक्त प्रकल्प उभा राहिला, २००० साली त्याच्या शिफारशी निघाल्या. आता तिकडे भूकंपाच्या फ्रेमचा जोड चाचणीने सिद्ध करायचा असेल तर चाचणीतला बीम प्रत्यक्ष बीमच्या खोलीच्या किमान ९० टक्के असावा लागतो. ही एक ओळ मला शिफारशींच्या त्या सगळ्या जाडजूड खंडांपेक्षा मोलाची वाटते, कारण नियम कुठपर्यंत खरा हे ती नियमातच लिहून ठेवते.

आपल्याकडच्या नियमपुस्तकांत ही गोष्ट मी शोधते आणि फारशी सापडत नाही. सूत्र असतं, त्याची सीमा नसते. अमुक सूत्र किती जाडीच्या पत्र्यापर्यंत तपासलं, कुठल्या स्टीलवर, कशा भोकांवर, हे तरुण इंजिनिअरला कळायला मार्ग नाही. त्याच्यासमोर सॉफ्टवेअर असतं, त्यात हिरवी खूण येते. कोडमागचं स्पष्टीकरण या तपशिलासकट उपलब्ध असावं, निदान जोडांच्या प्रकरणासाठी तरी, असं मला मनापासून वाटतं.

आणि मग शॉप. नियम तपासताना चाचणीच्या नमुन्याचं माप कॅलिपरने घेतलेलं असतं. चाकणच्या शॉपमध्ये कोप गॅस कटिंगने मारतात, मग ग्राइंडर फिरवतात. बीमचं टोक बँडसॉवर कापलेलं असेल तर ठीक, गॅसने कापलं असेल तर कडेला लाटा. मी पट्टी घेऊन टोकं मोजत फिरायचे तेव्हा तिथला जुना फिटर म्हणाला होता, "मॅडम, कटिंगला चार-पाच एमएम इकडंतिकडं होणारच. बीम पण गिरणीतनं सरळ कुठं येतो?" त्याचं बरोबर होतं. पण बघा, ४० मिमीच्या कडेतून भोकाचे ११ गेले की ताणाला २९ उरतात. कडा ५ ने कमी आली तर २४. एका ओळीच्या जोडात ताणाच्या भागातले सतरा टक्के गेले. अमेरिकी तक्त्यांत यासाठी बीमचं टोक पाव इंच कमी येईल असं आधीच धरलेलं असतं. आमच्या भारतीय तक्त्यात ते धरलेलं नव्हतं, आता ६ मिमी धरतो. ड्रॉइंगवर ४० लिहायचं आणि हिशेबात ३४ घ्यायचे.

कोपाच्या कोपऱ्याचंही तसंच. ड्रॉइंगमध्ये गोलाई दाखवलेली असते. घाईत कटर दोन्ही बाजूंनी सरळ आणतो आणि कोपऱ्यात एक बारीक खाच राहते. ती खाच ब्लॉक शिअरच्या सूत्रात कुठेच येत नाही. म्हणून आम्ही आता कोपऱ्यात आधी भोक पाडून मग कापायला सांगतो. शॉपला हे पटायला वेळ लागला नाही, कारण त्यात त्यांचं ग्राइंडिंग वाचतं.

पटवायला वेळ लागला तो दुसरीकडे. दोन ओळींच्या कोप जोडात ताणाचा भाग अर्धा धरायचा, असा बदल मी भारतीय तक्त्यात केला. त्यानंतरच्या एका कारखान्याच्या कामात ग्राहकाच्या बाजूने तपासणाऱ्या इंजिनिअरनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, कोडमध्ये बसतंय, मग जास्तीची प्लेट आणि जास्तीचा वेल्ड कशाला? पैसे कोण देणार? चर्चा तापली नाही, पण लांबली. त्यांचा मुद्दा मला पूर्ण चुकीचा वाटत नव्हता. प्रत्येक इंजिनिअर आपल्या मनाने कोडवर गुणक चढवू लागला तर कोडला अर्थ राहत नाही. आणि त्यातून सुरक्षितता वाढतेच असंही नाही, कारण भीतीने चढवलेले गुणक भलत्याच जागी जातात.

मी त्यांना चाचण्यांचा तो वेगळा केलेला रकाना दाखवला. एक ओळ, दोन ओळी, गसेट, तिन्ही स्वतंत्र. सोबत आमच्या लॅबमधल्या फाटलेल्या तुकड्याचे फोटो, ज्यात चुना टोकाकडे गेलेला आणि आत राहिलेला दिसतो. त्यांनी ते शांतपणे पाहिलं. मग विचारलं, "मग एका ओळीला तुम्ही काही वाढवलंय का?" नाही, एका ओळीला कोड पुरेसा आहे, तिथे एक पैसाही वाढवलेला नाही, असं मी सांगितलं. यानंतर त्यांची हरकत मावळली. त्या कामात बहुतेक ठिकाणी दुसरी ओळ काढून एकाच ओळीत बोल्ट वाढवले. साडेचारशेच्या बीममध्ये चौथा बोल्ट उभ्या ओळीत सहज मावतो, कातर-रेष ७० मिमीने लांबते आणि दोन ओळींच्या सहा बोल्टांऐवजी चारच लागतात. जिथे बीमची खोली कमी होती तिथे वेबला एका बाजूने डबलर प्लेट वेल्ड केली. एकूण स्टील जवळपास तेवढंच राहिलं.

सध्या माझ्यासमोर त्याच जातीचा, पण जास्त अडचणीचा जोड आहे. बीम वरून आणि खालून दोन्हीकडून कोप केलेला, आणि मुख्य बीमला काटकोनात न येता तिरका येणारा. अशा जोडाच्या छापील चाचण्या शोधते आहे. काटकोनातल्या जोडांचे गुणक याला लावायचे तर टोकाचं फिरणं एकाच दिशेत होत नाही, एक बाजू आधी ताणली जाते. लॅबला पुन्हा विचारलं आहे. शॉपने तिरक्या टोकाचे तीन तुकडे कापून द्यायचं कबूल केलंय, दोन ओळींचे दोन आणि एका ओळीचा एक.